दोघांच्या जेवणासाठी घरची न्योक्की आणि मशरूम सॉस

लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा घरी न्योक्की केली. साडेआठला जेवायचं ठरलं होतं. सव्वादहाला मी ताटं घेऊन बाहेर आलो, तेव्हा बायको सोफ्यावर झोपली होती. ती उठली, जेवली, "छान झालंय रे," म्हणाली. पण ताटातले गोळे रबरासारखे चिवट होते आणि सॉस पाणचट. पदार्थ बिघडला याचं मला वाईट वाटलंच. त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की तिच्यासोबत घालवायची संध्याकाळ मी ओट्यापाशी एकट्यानं घालवली होती.

त्यानंतर चुकत-सुधारत खूपदा केली. आता ती मऊ होते आणि वेळेवर होते. पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी दोनच गोष्टी मनापासून सांगेन. बटाटा कोरडा हवा. आणि समोरचं माणूस जेवायला बसेल तेव्हा तुम्हीही त्याच्यासोबत बसलेले हवेत. पुढे जे काही लिहिलं आहे ते या दोन गोष्टी साधण्यासाठीच.

न्योक्की म्हणजे उकडलेल्या बटाट्यात जेमतेम मैदा घालून वळलेले, पाण्यात शिजवलेले बोटाच्या पेराएवढे गोळे. मेन्यूकार्डावरचं स्पेलिंग वाचून कुणी ग्नोची म्हणतं, कुणी नोची. इटालियन उच्चार न्योक्की. पदार्थ बटाट्यापेक्षा जुना आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात गेला तो सोळाव्या शतकात. त्याआधी इटलीत हेच गोळे पिठाचे आणि शिळ्या पावाच्या चुऱ्याचे होत, आणि रोमच्या पद्धतीची न्योक्की तर आजही रव्याची असते. रोममध्ये गुरुवार हा न्योक्कीचा वार. अर्जेंटिनात इटालियन लोक मोठ्या संख्येनं जाऊन राहिले, तिथे दर महिन्याच्या २९ तारखेला न्योक्की करतात आणि बरकत यावी म्हणून ताटाखाली एक नोट ठेवतात. महिनाअखेरीला घरात बटाटा आणि पीठच उरलेलं असतं, हे कोणत्याही देशातल्या गृहिणीला वेगळं सांगायला नको. आपल्याकडचे शेंगोळे, वरणफळं ही याच गोत्रातली. म्हणून हा पदार्थ परका समजून घाबरू नका. लागणारी निम्मी अवजारं तुमच्या माळ्यावर पडून आहेत.

बटाटा

माझी पहिली चूक मंडईतच झाली होती. मी नवा बटाटा आणला. पातळ सालीचा, गुळगुळीत, दिसायला देखणा. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि पिठूळपणा कमी. तो रश्श्यात अख्खा टिकतो, पण कुस्करला की चिकट लगदा होतो. मग गोळा हाताला चिकटतो, आपण मैदा घालतो, तरी चिकटतो, आणखी घालतो आणि शेवटी बटाट्याच्या वासाची कणीक उरते.

तेव्हा भाजीवाल्याला सरळ सांगा, "जुना बटाटा द्या, वड्याला हवाय." वड्यासाठी म्हटलं की त्यांना बरोबर कळतं. अंगठ्यानं साल घासून बघा. सोलून आली तर तो नवा. जाड, खरखरीत, घट्ट चिकटलेली साल हवी. आंबेगाव-खेड भागातला पावसाळी बटाटा साधारण भाद्रपद-आश्विनात निघायला लागतो, आणि उत्तरेकडचा नवा माल थंडी सरता सरता येतो. या दिवसांत ढिगात नवा-जुना मिसळलेला असतो, तेव्हा एकेक हातात घेऊन निवडा. कोंब आलेले किंवा हिरवट पडलेले घेऊ नका.

शंकाच असेल तर एक सोपी परीक्षा आहे. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर रश्श्याला ठेवा. (लहान वाटी घ्या, म्हणजे मीठ वाया जाणार नाही.) आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. फार थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि न्योक्कीला नकोसा गोडसर स्वाद येतो.

दोघांसाठी अर्धा किलो घ्या, सगळे एकाच आकाराचे, म्हणजे एकाच वेळी शिजतील. एवढ्यात दोघांचं पोटभर होऊन थोडे गोळे उरतात. उरायलाच हवेत, त्याचं शेवटी सांगतो.

उकडायचे, पण पाण्यात नाही

सोलून, फोडी करून पाण्यात उकडले तर बटाटे पाणी पितात. ते अख्खे, सालीसकट, वाफेवर शिजवा. सगळ्यात उत्तम मोदकपात्र: जाळीवर बटाटे ठेवायचे, झाकण लावायचं, मध्यम आकाराचे असतील तर ३५ ते ४० मिनिटं. सुरी आरपार सहज गेली पाहिजे. एवढा वेळ नसेल तर कुकर चालतो, पण खाली पाणी आणि वरच्या डब्यात नुसते बटाटे, डब्यात पाण्याचा थेंब नाही. चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. डब्यावर ताटली झाका, नाहीतर कुकरच्या झाकणाचं पाणी त्यात ठिबकतं. घरी ओटीजी असेल आणि हातात वेळ असेल, तर काट्यानं टोचून २०० अंशांवर तासभर भाजलेले बटाटे याहूनही कोरडे होतात.

झाले की लगेच दोन तुकडे करा. भसकन वाफ निघेल, ती निघू द्या. ही वाफ म्हणजे तुमच्या न्योक्कीतलं नको असलेलं पाणी आहे. गरम असतानाच फडक्यात धरून साल काढा. थंड झाल्यावर सोललं तर वाफ आतच जिरते.

पुरणयंत्र

इटलीतल्या घरांत बटाटा लगदण्यासाठी हँडल फिरवायची एक चाळण असते. मी तिचं चित्र पाहिलं आणि उठून माळ्यावरून आईचं पुरणयंत्र काढलं. तेच ते. बारीक जाळी लावायची, गरम बटाटा घालायचा, हँडल फिरवायचं. खाली जे पडतं ते दळलेलं नसतं, मोकळ्या भुरभुरीत सरी असतात, ताज्या खोबऱ्याच्या किसासारख्या. पुरणयंत्र नसेल तर शेवेची बारीक चकती लावलेला सोऱ्या घ्या. तोही नसेल तर किसणी. तिन्ही पुण्याच्या तुळशीबागेत मिळतात आणि घेतलं तर वाया जात नाही, होळीला पुरण आहेच.

मिक्सर मात्र चुकूनही नको. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि दहा सेकंदांत खळ तयार होते. ती परत कोरडी होत नाही.

सरी परातीत पसरा आणि पाच-सात मिनिटं तशाच राहू द्या. पंखा चालू असला तर बरंच. हात लावल्यावर कोमट लागलं पाहिजे, भाजता कामा नये.

पीठ

अर्धा किलो बटाट्याला १०० ग्रॅम मैदा, वर २५ ग्रॅम जवळ ठेवलेला. वजनकाटा नसेल तर नेहमीच्या आमटीच्या वाटीनं, म्हणजे साधारण १५० मिलीच्या, सपाट सव्वा वाटी. अर्धा चमचा मीठ. आणि चिमूटभर किसलेलं जायफळ. हो, पुरणातलंच. उत्तर इटलीत बटाट्याच्या न्योक्कीत ते आवर्जून घालतात, आणि आपल्या नाकाला तो वास इतका ओळखीचा आहे की पहिल्या घासाला परकेपणा वाटत नाही.

अंड्यावरून मतं वेगळी आहेत. एक पिवळा बलक घातला तर गोळे सुटायची भीती कमी होते, नवशिक्याला आधार वाटतो. मी घालत नाही. बटाटा कोरडा असेल तर अंड्याशिवाय न्योक्की जास्त हलकी होते, आणि तिकडेही कितीतरी घरांत अंडं न घालताच करतात. त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांना यात काही कमी पडल्यासारखं मुळीच नाही.

मैदा चाळून सगळीकडे भुरभुरा. मग मळू नका. इथेच आपला हात दगा देतो, कारण लहानपणापासून आपण कणीक मळलेली बघतो: मूठ दाबायची, तिंबायची, घट्ट करायची. मैदा जितका मळाल तितका त्याला चिवटपणा येतो. पोळीला तो हवा असतो, इथे नको. बोटांच्या टोकांनी वर-खाली करून घ्या, मग सगळं एकत्र आणून हलकेच दाबा, घडी घाला, परत दाबा. मिनिट-दीड मिनिटात काम झालं पाहिजे. गोळा मऊ लागला पाहिजे, किंचित ओलसर, पण बोट लावून उचललं तर बोटाला लागून येता कामा नये. पावसाळ्यात पुण्यातला मैदासुद्धा दमट असतो, तेव्हा राखलेल्या २५ ग्रॅममधला चमचा-दोन चमचे लागेल. सगळाच लागला तर बटाट्यात पाणी राहिलं असं समजा.

आता चाचणी. एका पातेलीत पाणी उकळा, मीठ घाला आणि एकच गोळा वळून त्यात सोडा. अनारशाचा पहिला नग तळून बघतो तसंच. गोळा वर येऊन अख्खा राहिला तर पुढे चला. कडेनं विरघळायला लागला तर पिठात एक चमचा मैदा घालून परत एक बघा. ही दोन मिनिटं मी त्या पहिल्या रात्री वाचवली होती.

वळणं

गोळ्याचे चार भाग करा. एक घ्या, बाकी फडक्याखाली झाका. ओट्यावर जरा मैदा भुरभुरून दोन्ही तळव्यांनी मधून कडेला फिरवत अंगठ्याएवढी जाड वळी करा. सुरीनं दोन-दोन सेंटिमीटरवर कापा. एवढ्यावर थांबलात तरी चालेल. उशीसारखे दिसणारे हे तुकडे तसेच शिजवले तरी न्योक्कीच.

पण रेघा काढल्या तर सॉस धरून राहतो. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला खळगा. त्यासाठी लाकडाची खाचांची छोटी पाटी मिळते, ती नसेल तर काट्याची पाठ पुरते. मला कितीतरी दिवस हे जमत नव्हतं. काट्यावर तुकडा दाबला की तो तिथेच सपाट व्हायचा.

शिकवलं ते सासूबाईंनी. त्या दर मे महिन्यात गव्हले, नखुल्या अशी हातानं वळायची वळवटं करतात. एकदा आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि मी ओट्यावर झगडत होतो. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही दाबताय. दाबायचं नसतं, ढकलायचं असतं." हात धुतले, एक तुकडा काट्याच्या पाठीवर वरच्या टोकाला ठेवला आणि अंगठ्याच्या कडेनं, पोटानं नव्हे, खाली आणि पुढे असा एकाच झटक्यात सरकवला. तुकडा स्वतःभोवती गुंडाळत खाली पडला. वर पाच रेघा, पोटात अंगठ्याचा खळगा. "नखुल्या अशाच करतात," म्हणाल्या, आणि बोलत बोलत वीस-पंचवीस करून टाकल्या. न्योक्की हा शब्द त्यांनी तोपर्यंत ऐकलाही नव्हता.

तुमच्या घरात वळवटं केलेली कुणी काकू-आजी असेल, तर त्यांना एकदा हात फिरवून दाखवायला सांगा. व्हिडिओ दहा वेळा बघून कळत नाही ते तिथे मिनिटात कळतं. बांबूची रोवळी असेल तर तिच्या विणीवर फिरवूनही सुंदर चौकटी उमटतात. बुरूड आळीत लहान आकाराची मिळते. मला तर काट्याच्या रेघांपेक्षा ती नक्षी जास्त आवडते.

झालेले गोळे ताटात बारीक रवा पसरून त्यावर एकमेकांना न चिकटता ठेवा. मैद्यावर ठेवले तर ओल धरतात, रव्यावर सुटे राहतात. आणि कच्चे गोळे तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, फ्रिजमध्ये तर नाहीच. बटाटा काळपट पडतो, पाणी सुटतं, खालून चिखल होतो.

शिजवणं

पसरट पातेल्यात दोन-अडीच लिटर पाणी, एक मोठा चमचा मीठ. पाणी खळखळ नको, हलकं उकळतं हवं. निम्मे गोळे सोडा, गर्दी करू नका. तळाला बसतील, झाऱ्याच्या पाठीनं एकदा हळूच हलवा. दोनेक मिनिटांत वर येतात. आल्यावर मनात वीसपर्यंत मोजा आणि झाऱ्यानं काढा. चाळणीत ओतू नका, एकमेकांवर आपटून मोडतात. पाणी टाकून देऊ नका, त्यात उतरलेला स्टार्च सॉसला लागणार आहे.

आणि इथे माझी सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती. शिजलेले गोळे तेल लावलेल्या थाळीत एका थरात पसरा, वरून चमचाभर तेल चोळा, गार होऊ द्या. असे ते तीन-चार तास झाकून फ्रिजमध्ये मजेत राहतात. जेवायच्या वेळी तव्यावर लोण्यात परतायचे. खालून सोनेरी खरपूस, आतून मऊ. थेट पाण्यातून काढलेल्या न्योक्कीपेक्षा आम्हा दोघांना हीच जास्त आवडते, आणि ऐनवेळी उकळत्या पाण्यापाशी उभं राहावं लागत नाही.

मशरूम

बटन मशरूमची २०० ग्रॅमची दोन पाकिटं घ्या. कच्चे बघून दोघांना फार वाटतील, पण मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, परतल्यावर मूठभर उरतात. पाकीट उलटं करून बघा: आत पाण्याचे थेंब साचलेले नकोत, टोपी देठाला घट्ट मिटलेली हवी, तपकिरी डाग आणि बुळबुळीतपणा नको. मिळाली तर त्यात थोडी धिंगरी घाला, जिला ऑयस्टर मशरूम म्हणतात. तिला मांसल चव असते. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर वर्षानुवर्षं संशोधन चालतं आणि धिंगरी आपल्या हवेत घरच्या घरी पिकवणारेही आता बरेच आहेत. वाळवलेली धिंगरी मिळाली तर गरम पाण्यात भिजवून ते पाणीही सॉसला वापरा. पण पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर किंवा मुळशीकडे उगवलेली रानातली अळंबी स्वतःच्या अंदाजानं आणून शिजवू नका. विषारी आणि खाण्याजोगी यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी आपल्याला कळत नाही.

धुवावं की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माती असते, म्हणून नळाखाली झरझर धुवा आणि लगेच फडक्यानं टिपा. भिजत ठेवू नका, एवढंच. देठाचं टोक कापा आणि जाड चकत्या करा, अर्ध्या सेंटिमीटरच्या. पातळ चकत्या परतताना नाहीशा होतात.

कढई नको, पसरट तवा किंवा फ्राय पॅन घ्या. चांगला तापू द्या. चमचाभर तेल, त्यावर निम्मेच मशरूम, एका थरात. मीठ नाही. आणि मग हात मागे. ढवळायची खूप इच्छा होईल, ढवळू नका. आधी चर्र आवाज येतो, मग मशरूम पाणी सोडतात आणि आवाज बसतो, पॅनमध्ये डबकं साचल्यासारखं दिसतं. बहुतेक जण इथेच गडबडतात: शिजले समजून गॅस बंद करतात किंवा क्रीम ओततात. माझ्या पहिल्या सॉसचा पाणचटपणा इथला होता. आच मोठी ठेवा आणि थांबा. तीन-चार मिनिटांत पाणी आटतं आणि चर्र आवाज परत येतो. तो दुसरा आवाज ऐकायचा असतो. त्यानंतर कडा तांबूस होतात, घरभर भाजलेल्या काजूसारखा वास सुटतो. आता उलटा, दुसरी बाजू होऊ द्या, बाजूला काढा आणि उरलेले तसेच करा. जास्त परतले जातील ही भीती नको. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, ते उष्णतेनं विरघळत नाही, त्यामुळे भाजी गळते तसे मशरूम गळत नाहीत.

सगळे मशरूम परत पॅनमध्ये घ्या, आच मंद करा. दोन चमचे बटर, अगदी बारीक चिरलेला अर्धा कांदा, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या. लसूण पिवळसरच राहिला पाहिजे, तांबडा झाला की कडू लागतो. असेल तर वाळलेलं थाइम अर्धा चमचा. नसेल तर नुसती ताजी कुटलेली मिरी पुरे. ओरेगॅनोची पुडी मी यात घालत नाही, पिझ्झाचा वास सगळं झाकून टाकतो. मीठ आता, आणि जपून: आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, चीजही खारं.

दोन पळ्या न्योक्कीचं पाणी घालून पॅनच्या तळाला चिकटलेला तांबूस थर खरवडून घ्या. खरी चव त्या थरातच आहे. मग अर्धी वाटी फ्रेश क्रीम. टेट्रापॅकमधल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, मोठ्या आचेवर ते फुटतं. म्हणून मंद आच, दोनच मिनिटं, उकळी नाही. घरची ताजी साय नीट घोटून घातली तरी चालते, पण आदल्या दिवसाची आंबूस नको. गॅस बंद केल्यावर लिंबाचे चार-पाच थेंब. आधी घातले तर सॉस नासतो, अजिबात न घातले तर जेवण अर्ध्यावर जड वाटायला लागतं.

चीजबद्दल एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे. अस्सल पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे मूळचं इटालियन पार्मेझान, वासराच्या पोटातल्या रेनेटनंच (दूध घट्ट करणाऱ्या पाचक रसानं) बनवतात, तो त्यांचा नियमच आहे. समोरचं माणूस काटेकोर शाकाहारी असेल तर ते घालू नका. आपल्याकडे बनलेलं, हिरव्या ठिपक्याचं पार्मेझान पद्धतीचं चीज मिळतं. पुण्यातच चीज बनवणाऱ्या डेअऱ्या आहेत, कॅम्पातल्या मोठ्या दुकानांतही निवड भरपूर असते. विकत घेताना ठिपका बघा आणि किसलेली पुडी घेण्यापेक्षा तुकडा घ्या.

संध्याकाळ कशी आखायची

समजा जेवण साडेआठला आहे. चारला बटाटे वाफेवर. पाचला पुरणयंत्र, साडेपाचपर्यंत गोळे वळून तयार, सहाला शिजवून तेल लावून थाळीत. मशरूमही तेव्हाच परतून ठेवा, क्रीम घालण्याआधीपर्यंतचा सॉस करा. पाण्याची एक वाटी बाजूला काढा. मग ओटा पुसा, भांडी घासून टाका, आंघोळ करा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. घामेजलेल्या टी-शर्टवर, मागे खरकट्या भांड्यांचा ढीग ठेवून जेवायला बसलं की मन तिथेच अडकतं.

साडेआठला उरतं ते दहा मिनिटांचं काम. एका गॅसवर सॉस मंद आचेवर, क्रीम आणि पाण्यासह. दुसऱ्यावर चमचाभर बटरमध्ये न्योक्की, एका थरात, दोन मिनिटं न हलवता, मग उलटून मिनिटभर. न्योक्की सॉसमध्ये घाला, पॅन धरून हलकेच हलवा, चीज किसा, मिरी कुटा. पसरट ताटल्या गरम पाण्यात धरून पुसून घ्या, गार ताटलीत क्रीमचा सॉस लगेच घट्ट होतो.

या दहा मिनिटांत तिला किंवा त्याला बाहेर बसवून ठेवू नका. स्वयंपाकघरात स्टूल टाका. आमच्याकडे चीज किसायचं काम बायकोचं असतं. ती किसता किसता दिवसभरातलं सांगते, आणि मी मागे न बघता ऐकत असतो. जेवण तिथेच सुरू झालेलं असतं.

सोबत फार काही नको. काकडीच्या पातळ चकत्या, मीठ, लिंबू, किंचित साखर. दाण्याचं कूट नको, आधीच जड आहे. पाव तर नकोच, बटाटा आणि मैदा पुरेसा झाला. वाइन घेत असाल तर नाशिककडची पांढरी, थंड. घेत नसाल तर कोकम सरबत, त्याचा आंबटपणा क्रीमला छान कापतो. मेणबत्ती लावायची तर बिनवासाची लावा, सुगंधी मेणबत्तीपुढे मशरूमचा वास टिकत नाही. गोडाला थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नुसती. बाकीच्या महिन्यांत आम्ही काही करत नाही, खाली जाऊन मस्तानी अर्धी-अर्धी घेतो.

उरलेले गोळे

सगळे शिजवू नका. पंधरा-वीस कच्चे गोळे वळल्यावर लगेच रव्याच्या ताटासकट फ्रीझरमध्ये ठेवा. दोन तासांत खडखडीत झाले की पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. वापरताना बाहेर काढून वितळवायचे नाहीत, थेट उकळत्या पाण्यात टाकायचे, थोडे थोडे करून. वर यायला मिनिटभर जास्त घेतात.

आणि शिजवलेले दहा-बारा थाळीत राहिलेच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर तूप, जिरे, कढीपत्ता, एक हिरवी मिरची, वर कोथिंबीर. आम्ही ते ओट्यापाशी उभ्यानंच खातो, चहा उकळेपर्यंत.